भूदृश्य, बांधकाम आणि केवलाकारी चित्र : उरणच्या किनाऱ्याच्या अनुषंगाने

१. प्रश्नाचे स्वरूप

केवलाकारी चित्रासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात बहुधा पहिला प्रश्न ‘हे कशाचे चित्र आहे?’ हाच येतो. या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. ‘हे कशाचेच चित्र नव्हे, हे केवळ चित्र आहे’, हे एक उत्तर. ‘हा अमुक समुद्राचा किंवा अमुक शहराचा भास आहे’, हे दुसरे. पहिले उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यामुळे पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या उत्तराने काही तरी हाती लागल्यासारखे वाटते. परंतु चित्र मात्र हातचे निसटते. कारण समुद्राचा भासच हवा असेल तर समुद्राचे सरळ चित्र त्याहून अधिक उपयोगी पडेल.

भूदृश्यापासून आणि मनुष्यनिर्मित बांधकामापासून स्फुरलेले केवलाकारी चित्र या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत असते, आणि म्हणूनच त्याची मीमांसा अवघड होते. ते कशाची प्रतिकृती नसते. तथापि विशिष्ट जागेच्या निरीक्षणावाचून ते तसे झाले नसते. जागेचा आणि चित्राचा हा संबंध सादृश्याचा नाही, तर मग तो कशाचा आहे? आणि जागेची माहिती ही चित्राच्या आस्वादात बसते, की ती केवळ चित्रकाराच्या चरित्रातली एक नोंद ठरते? या दोन प्रश्नांचा विचार येथे उरणच्या किनाऱ्याच्या अनुषंगाने करावयाचा आहे. उरण निवडण्याचे कारण असे की, निसर्गाने घडवलेली आणि माणसाने घडवलेली रचना तेथे एकमेकींपासून वेगळी काढणे जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे केवलाकारी चित्रकार जागेकडून नेमके काय घेतो, हे तेथे विशेष स्पष्टपणे दाखवता येते.

२. उरणची रचना

मुंबई बंदराच्या पूर्वेस, पाण्यापलीकडे, रायगड जिल्ह्याचा उरण तालुका आहे. (१९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते.) भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरले म्हणजे प्रथम दिसतो तो द्रोणागिरीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी वस्ती, आणि त्यापलीकडे खाडी, चिखल, खाजण, तिवरे व शेते यांची सपाट जमीन. मोठ्या उधाणाच्या दिवशी या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत ४ मीटरांहून अधिक फरक पडतो. किनारा सपाट असल्यामुळे पाण्याची रेघ दिवसातून दोन वेळा फार दूरवर सरकते. जमीन आणि पाणी यांची सीमा येथे एक रेषा नसून एक रुंद पट्टा आहे.

या पट्ट्यावर माणसाने पहिली भूमिती आखली ती मातीच्या बांधांनी. भरतीचे पाणी अडवून खारजमीन भाताखाली आणावयाची, किंवा उलट ते पाणी आत घेऊन मीठ पिकवावयाचे, या दोन्ही कामांना बांध लागतात, आणि पाणी आतबाहेर सोडण्यासाठी त्यांत उघाड्या लागतात. या भागातील आगरी समाजाचे नावच मुळी ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. मिठागराची रचना वरवर पाहता केवळ चौकटींची नक्षी वाटते; वस्तुतः प्रत्येक चौकटीला तिचे काम नेमून दिलेले असते. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. हे पाणी प्रथम मोठ्या साठवणीत घेतात. मग उन्हाने ते आटत जाईल तसतसे उथळ वाफ्यांतून पुढे सरकवतात. आटताना आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम. आणि मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला म्हणजे मिठाचे स्फटिक धरू लागतात. मीठ काढून घेतल्यावर मॅग्नेशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्यात राहतात. अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे काही वाफ्यांना तांबूस छटा येते. म्हणजे एका वाफ्याचा रंग दुसऱ्याहून वेगळा दिसतो तो योगायोगाने नव्हे. ती पाण्याच्या घनतेची पायरी असते. पावसाळ्यात हे सर्व वाहून जाते, बांध खचतात, आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा घालावे लागतात. मिठागराची चौकट ही दरवर्षी श्रमाने नवी होणारी चौकट आहे.

दुसरी भूमिती निराळ्या मापाची आहे. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबई हायच्या समुद्रातील तेल आणि वायू नळांवाटे उरणला येऊ लागले, त्यानंतर वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. भातशेती, मिठागरे आणि खाजणे यांच्या जागी गोदामे, रेल्वेचे फाटे आणि कंटेनरांची आवारे आली. कंटेनरचे प्रमाणभूत माप २० फुटी पेटीचे असते : लांबी सुमारे ६.०६ मीटर आणि रुंदी २.४४ मीटर. आवारातील रस्त्याची रुंदी, यारीचा पल्ला, वाघिणीची लांबी ही सारी त्या एका मापाशी बांधलेली असतात. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून चिर्ल्यापर्यंतचा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, तेव्हा क्षितिजालगत आणखी एक अखंड आडवी रेषा आली.

तिसरी भूमिती या दोहोंहून पुष्कळ जुनी आहे. घारापुरीचे बेट उरण तालुक्यातच मोडते. तेथील मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते, आणि पुढच्या प्रवेशापासून मागच्या भिंतीपर्यंत त्याची खोली सुमारे ३९ मीटर आहे. हे बांधकाम बांधलेले नाही. ते कोरून मोकळे केलेले आहे. खांब रचलेले नसून, भोवतालचा दगड काढून टाकल्यावर ते उरलेले आहेत. बांधात माती घातली जाते, आवारात पेटी ठेवली जाते, लेण्यात दगड काढला जातो. भर घालणे, मांडणे आणि वजा करणे या रचनेच्या तीन मूलभूत क्रिया होत, आणि त्या तिन्ही एकाच तालुक्यात डोळ्यांसमोर आहेत.

३. जागेपासून चित्राकडे

या जागेचे चित्र कोणकोणत्या मार्गांनी केवलाकारी होऊ शकते? विवेचनाच्या सोयीसाठी तीन मार्ग वेगळे करता येतील. प्रत्यक्षात ते पुष्कळदा एकाच चित्रात मिसळलेले असतात.

पहिला मार्ग त्यागाचा. चित्रकार समोरच्या दृश्यातील एकेक तपशील गाळीत जातो, आणि काय गाळले असता दृश्य कोसळते हे पाहतो. याचे अभिजात उदाहरण डच चित्रकार पीट मोंद्रियान याचे आहे. १९१४-१५ मध्ये त्याने समुद्र आणि त्यात घुसलेला धक्का या विषयावर कोळशाने अनेक रेखाटने केली. त्यांत लाटा आखूड आडव्या रेघांत उतरल्या, धक्का उभ्या रेघांत उतरला, आणि १९१५ च्या काळ्या-पांढऱ्या रचनेत आडव्या-उभ्या रेघांचे एक स्पंदनच काय ते उरले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, आडवी आणि उभी ही जोडी मोंद्रियानने कल्पनेने लादलेली नाही. समुद्र आणि धक्का, म्हणजे निसर्ग आणि बांधकाम, यांच्या प्रत्यक्ष विरोधातून ती त्याला लाभली. करंज्याच्या किंवा मोऱ्याच्या धक्क्यावर उभ्या राहणाऱ्यालाही हा विरोध उपलब्ध आहे.

दुसरा मार्ग दृष्टिस्थान बदलण्याचा. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून मिठागर पाहिले तर दूरचे वाफे चपटे होत जातात, आणि क्षितिजाशी पांढरी रेघ होऊन मिटतात. तेच द्रोणागिरीच्या माथ्यावरून पाहिले तर क्षितिज चौकटीबाहेर जाते, जवळ आणि दूर हा भेद पुसट होतो, आणि जमीन कॅनव्हासासारखी उभी राहते. क्षितिज गेले म्हणजे भूदृश्याचा मुख्य आधार गेला. यानंतर खोली दाखवण्याचे काम रेषांच्या अभिसरणाकडे न राहता रंगाच्या छटांकडे आणि पोताकडे येते. आधुनिक चित्रकलेत विमानातून दिसणाऱ्या जमिनीला जे महत्त्व आले त्याचे कारण हेच होय.

तिसरा मार्ग प्रक्रियेच्या अनुसरणाचा आहे, आणि तो सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. येथे चित्रकार जागेचे रूप घेत नाही. जागा ज्या रीतीने घडते ती रीत घेतो. पातळ रंग ओतायचा, तो सुकू द्यायचा, त्यावर दुसरा थर द्यायचा, काही भाग खरवडायचा, उरलेला तसाच ठेवायचा : या कृती आणि मिठागरातील पाण्याचे आटणे, गाळाचे बसणे, बांधाचे खचणे यांत रूपाचे साम्य नसेल, पण क्रमाचे साम्य आहे. अशा चित्रात मिठागर दिसत नाही. तरीही एक थर आधीचा आणि एक नंतरचा आहे, मधे काळ गेला आहे, ही जाणीव पाहणाऱ्याला होते. लेणे आणि खरवडून काढलेला रंग यांचे नातेही याच जातीचे आहे. दोहोंतही रूप सिद्ध होते ते काही काढून टाकल्याने.

या तीन मार्गांहून चौथीच एक गोष्ट निराळी ओळखली पाहिजे, ती म्हणजे सुलभीकरण. डोंगराचा त्रिकोण, घराचा चौकोन आणि सूर्याचे वर्तुळ केल्याने चित्र केवलाकारी होत नाही. ते तपशील गाळलेले भूदृश्यच असते. त्याच्या आस्वादासाठी अजूनही ‘हा डोंगर, हे घर’ अशी ओळख पटावी लागते. केवलाकारी चित्रातील आकार मूळ वस्तूची ओळख पटल्यावाचूनही चित्रातील अन्य आकारांशी नाते टिकवतात. दोहोंतील सीमारेषा येथे आहे.

४. त्याच किनाऱ्यावरील एक चित्रकर्ती

करंज्याहून तरीने रेवसला गेले म्हणजे उरणचा किनारा संपून अलिबागचा सुरू होतो, आणि थोड्याच अंतरावर कीहीम लागते. नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांच्या कुटुंबाचे घर कीहीमला होते, आणि त्यांचे निधनही तेथेच झाले. जन्म कराचीचा, बालपणापासूनचे वास्तव्य मुंबईचे, कलाशिक्षण लंडन आणि पॅरिस येथे, काही काळ बहारीनमध्ये वास्तव्य, आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा जीवनक्रम. भूदृश्य आणि बांधकाम यांतून सिद्ध झालेल्या केवलाकारी रेखनाचे त्यांच्याइतके निखळ उदाहरण भारतीय कलेत क्वचितच सापडेल.

मोहमदी यांच्या प्रौढ काळातील काम मुख्यतः कागदावर शाईने आणि पेन्सिलीने काढलेल्या रेषांचे आहे. त्यासाठी त्या वास्तुविशारदाची रेखनसाधने वापरीत. बहुतेक कामांना त्यांनी शीर्षक दिले नाही आणि तारीखही घातली नाही. १९७० च्या सुमारास रेषांची जाळी, त्यानंतर तिरप्या रेषांचे वेगवान पट्टे, आणि अखेरच्या वर्षांत मोकळ्या कागदावर तरंगणारे मोजके आकार, असा त्या कामाचा स्थूल प्रवास आहे. १९८० च्या दशकात स्नायूंवरील ताबा घटवणाऱ्या दुखण्याने त्यांना ग्रासले होते. त्याच काळात त्यांच्या रेषा अधिकाधिक विरळ आणि अचूक होत गेल्या.

या रेषा पाहून त्या केवळ भूमितीच्या अभ्यासातून आल्या असाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोहमदी यांनी घेतलेली छायाचित्रे निराळी हकीगत सांगतात. फत्तेपूर सीक्रीचे फरसबंद आवार आणि पाण्याच्या कडा, चंदिगढच्या इमारती, मागावर ताणलेले सूत, रस्त्यावर रंगवलेले पट्टे, वाळवंट, आणि समुद्र ओसरल्यावर वाळूत उमटलेल्या रेघा असे त्या छायाचित्रांचे विषय आहेत. हयातीत त्यांनी ती छायाचित्रे कलाकृती म्हणून प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांच्याकडे रेखाटनांची ‘मूळ दृश्ये’ म्हणून पाहणे बरोबर ठरणार नाही, कारण एकाही छायाचित्राचे रेखाटनात रूपांतर झालेले दाखवता येत नाही. छायाचित्रे आणि रेखाटने ही एकाच शोधाची दोन अंगे आहेत, असे म्हणणे अधिक युक्त होय. वाळूतील रेघ निसर्गाची, मागावरचे सूत विणकराचे आणि रस्त्यावरचा पट्टा बांधकाम खात्याचा, हा भेद त्या दृष्टीला महत्त्वाचा वाटत नाही. तिचे लक्ष असते ते ताण, अंतर आणि पुनरावृत्ती यांवर. निसर्ग आणि बांधकाम यांना एकाच मापाने मोजणारी ही दृष्टी उरणसारख्या किनाऱ्याला विशेष लागू पडते.

याच्या उलट टोकाला वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचे काम आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९४८ मध्ये पदविका घेतल्यानंतर प्रारंभीच्या काळात लघुचित्रे आणि पाउल क्ले यांचा प्रभाव असलेल्या आकृतिप्रधान चित्रांपासून निघून १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पूर्णपणे अप्रतिरूप चित्राकडे आले. ‘अमूर्त’ या शब्दापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द त्यांना आपल्या चित्रांसाठी अधिक मान्य होता. रोलर आणि सुरी यांनी रंगाचे थर देणे, ते पुसणे, पुन्हा देणे, ही त्यांची पद्धती. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. १९६० च्या दशकातील कित्येक कॅनव्हासांत आडवे पट्टे आणि त्यांच्यावर-खाली दाटलेला प्रकाश दिसतो, आणि पाहणाऱ्याला समुद्राची व क्षितिजाची आठवण होते. चित्रकार त्या अर्थाला दुजोरा देत नाही. तरी आठवण होते ती खोटी नसते. येथे जागा विषय म्हणून आलेली नाही. ती आलीच असेल तर प्रकाश थरांतून कसा झिरपतो, या ज्ञानाच्या रूपाने आलेली आहे. मागे सांगितलेला तिसरा मार्ग तो हाच.

५. मर्ढेकरांचा आक्षेप

येथवरच्या विवेचनावर एक मूलभूत आक्षेप घेता येईल, आणि मराठी सौंदर्यविचाराच्या विद्यार्थ्याला तो परिचित आहे. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील भूमिकेनुसार कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमातील संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असते, आणि ही रचना संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी सिद्ध होते. चित्राच्या बाबतीत या संवेदना रंगांच्या आणि रेषांच्या. चित्र कशाचे आहे, ही गोष्ट सौंदर्याच्या दृष्टीने गौण ठरते. मग मिठागराची घनता, कंटेनरचे माप किंवा लेण्याची खोली यांची माहिती आस्वादकाला कशासाठी हवी?

हा आक्षेप हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. मिठागराची माहिती असल्याने एखादे सुमार चित्र चांगले होत नाही, आणि नसल्याने चांगले चित्र सुमार होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आक्षेपाचा रोख जर ‘जागा म्हणजे चित्राचा अर्थ’ या समजुतीवर असेल, तर वरील विवेचनाला तो लागू पडत नाही. जागा चित्राला अर्थ पुरवीत नाही. ती चित्राच्या रचनेवर बंधन घालते. छंदाचे बंधन ज्याप्रमाणे कवितेचा आशय नसतो, पण कवितेतील एकेका शब्दाची निवड त्यावाचून तशी झाली नसती, त्याप्रमाणे हे समजावे.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. रिकाम्या कॅनव्हासावर कोणत्याही दोन रेषांमधले अंतर कितीही ठेवता येते. या पूर्ण स्वातंत्र्यामुळेच केवलाकारी चित्र पुष्कळदा शोभेच्या नक्षीकडे घसरते. एक रेषा इकडे काय, तिकडे काय, फरक पडत नाही. मिठागराच्या बांधांमधली अंतरे मात्र पाणी, ऊन आणि माणसाच्या हाताचा आवाका यांनी ठरवलेली असतात. ती समान नसतात, पण स्वैरही नसतात. कंटेनरच्या आवारातील अंतरे काटेकोर समान असतात. पहिल्या प्रकारच्या अंतराशी दीर्घ परिचय झालेल्या चित्रकाराचा हात ‘समान नाही, पण स्वैरही नाही’ अशी रेषा ओढायला शिकतो. मर्ढेकरांच्याच परिभाषेत सांगावयाचे तर, संवाद आणि विरोध यांची सूक्ष्म जाणीव त्याला जागेकडून लाभते. चित्र पुरे झाल्यावर जागा विसरली तरी चालेल. पण रचनेतील ती जाणीव पाहणाऱ्याच्या डोळ्याला जाणवल्याखेरीज राहत नाही. तेव्हा लयतत्त्व आणि जागेचे ज्ञान यांत विरोध नाही. जागा ही लयीची पाठशाळा आहे.

रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या मराठी ग्रंथात चित्रनिर्मितीच्या याच अवस्थांचा, म्हणजे वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या संबंधांचा, आतून वेध घेतला आहे. बरवे यांच्या चित्रांत पान, घड्याळ यांसारख्या ओळखीच्या वस्तू असतात, म्हणून ती रूढ अर्थाने केवलाकारी नव्हेत. तथापि वस्तूंमधील मोकळ्या जागेला वस्तूंइतकेच वजन देण्याची त्यांची रीत प्रस्तुत प्रश्नाशी जवळची आहे. चित्रकाराने स्वतः मराठीत केलेले असे विवेचन विरळ असल्याने अभ्यासकांनी ते मुळातून पाहणे अगत्याचे आहे.

६. आठवा हिस्सा

यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. जागेतील ताण आणि अंतरे घ्यावयाची व बाकीचे गाळावयाचे, हा जर केवलाकारी चित्राचा मार्ग असेल, तर गाळण्यात प्रथम जातो तो माणूस. बांध राहतो, बांध घालणारा जातो. उरणमध्ये याचा अर्थ काय होतो?

जमिनीकडे उंचावरून पाहून तिच्या रेषा आणि चौकोन करणारा केवलाकारी चित्रकार हा एकटा नाही. नगररचनाकारही तेच करतो. नकाशावर भूखंडाची चौकट आखताना त्यालाही तपशील गाळावे लागतात. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध उरण-पनवेल भागातील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन केले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण हे या लढ्याचे फलित मानले जाते. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश. भौमितिक चित्रात एक अष्टमांश हे केवळ एक प्रमाण आहे; एका आयताचा आठवा हिस्सा निराळ्या रंगाचा केल्याने रचनेचा समतोल कसा बदलतो, एवढाच त्याचा प्रश्न. जासईत किंवा जसखारमध्ये तेच प्रमाण एखाद्या कुटुंबाच्या उरलेल्या जमिनीचे आहे.

यावरून केवलाकारी चित्र हे स्वभावतःच माणसाविषयी उदासीन असते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घाईचा ठरेल. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याचा चित्रकार पीटर लॅन्यन (१९१८-१९६४) याचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. कॉर्नवॉल हाही समुद्राने वेढलेला, आणि कथिल व तांबे यांच्या खाणींनी पोखरलेला प्रदेश. तेथील लेव्हंट खाणीत १९१९ मध्ये झालेल्या अपघातात ३१ कामगार दगावले. लॅन्यनने १९५३ च्या सुमारास पुरे केलेल्या ‘सेंट जस्ट’ या उंच चित्रात शेतांच्या हिरव्या-करड्या तुकड्यांमधून वरून खाली एक काळा उभा पट्टा जातो. तो खाणीचा सरळ खाली जाणारा बोगदा आहे. आणि चित्रकाराच्या संकल्पनेत तोच क्रूसही आहे. चित्रात एकही कामगार रेखाटलेला नाही. तरीही त्या काळ्या पट्ट्याचे वजन भोवतालच्या रंगांना पेलत नाही, आणि हा न पेलणारा समतोल हाच चित्राचा आशय होतो. माणूस गाळला गेला आहे. त्याच्या जाण्याने पडलेली पोकळी गाळलेली नाही.

नगररचनाकाराचा नकाशा आणि लॅन्यनचे चित्र यांतील फरक येथे नेमका सांगता येतो. नकाशात जे गाळले त्याची खूण उरू नये अशी योजना असते. कारण नकाशाचा उपयोगच त्यावर अवलंबून असतो. चित्रात जे गाळले त्याचा ताण उरलेल्या आकारांवर राहतो. म्हणून केवलाकारी चित्रकाराची जबाबदारी माणूस रंगवण्याची नाही, तर गाळल्याची किंमत रचनेत उमटू देण्याची आहे. मिठागराच्या चौकटी सुबकपणे सारख्या करून टाकणारे चित्र या जबाबदारीतून सुटते, आणि सुटताक्षणीच ते नक्षी होते. सौंदर्यदृष्टीचा दोष आणि नैतिक दृष्टीचा दोष येथे एकाच ठिकाणी, एकाच रेषेत, सापडतो. चौकट दरवर्षी खचते व हाताने पुन्हा घालावी लागते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ती सारखी करता येणार नाही.

७. अभ्यासाच्या दृष्टीने

भूदृश्यातून स्फुरलेल्या केवलाकारी चित्राचे परीक्षण करताना पुढील चार प्रश्न उपयोगी पडतील. पहिला : चित्रातील आकार मूळ वस्तूची ओळख न पटताही परस्परांशी बांधलेले आहेत काय? नसतील तर ते सुलभीकरण होय. दुसरा : रेषांमधली अंतरे आणि रंगांच्या छटा बदलल्या तर चित्र बिघडते काय? बिघडत नसेल तर ती नक्षी होय. तिसरा : चित्र जागेचे रूप घेते, दृष्टिस्थान घेते, की प्रक्रिया घेते? या तिहींचे भान नसल्यास टीकाकार गायतोंडे यांच्या चित्रात समुद्र शोधू लागतो, आणि मोहमदी यांच्या रेषांत केवळ भूमिती पाहतो. चौथा : जे गाळले गेले आहे त्याचा भार उरलेल्या रचनेवर कोठे पडला आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र काय गाळले गेले हे ठाऊक असावे लागते. आणि ते चित्रातून कळत नाही, जागेवरूनच कळते. म्हणून या शाखेच्या अभ्यासकाला चित्रशाळेइतकेच मिठागर आणि बंदर पाहणे आवश्यक आहे. उरणच्या बाबतीत हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. मिठागरे आणि खाजणे यांतील पुष्कळ जागा आधीच भरावाखाली गेली आहे. बांधांची अंतरे, उघाड्यांच्या जागा, हंगामानुसार वाफ्यांचे बदलणारे रंग यांची मोजणी, रेखाटने आणि छायाचित्रे ही केवळ स्थानिक इतिहासाची साधने नव्हेत; जी अंतरे समान नाहीत पण स्वैरही नाहीत, त्यांचा तो शेवटचा पुरावा आहे. बांध नाहीसा झाल्यावर त्याच्या लयीची कल्पना करता येईल. परंतु ती लय खरी की मनाने रचलेली, हे ताडून पाहण्याचे साधन मग कोणाकडेही उरणार नाही.